बाळाबाईंना डल वाटतं

सकाळची पूजा आटोपून मी हात पुसत होते, तेवढ्यात दाराबाहेर कोणीतरी खोकलं. दार उघडलं तर समोरच्या घरातल्या बाळाबाई जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत घोंगडी अंथरून बसलेल्या. उशाशी पिशवी, पिशवीत लुगड्याची घडी, शेजारी तांब्या. एसटीची वाट बघत बसावं तशा.

"बाळाबाई, इथं का हो?"

"आज हितं मुक्काम," त्या म्हणाल्या. "दोन दिस सैपाकघरात काढलं. त्याच्या आदी हालमदी हुते. आता हितं."

"पण का?"

"जागा हलवाय नगो व्हय, वैनी?"

मला वाटलं, सून काही बोलली असेल. तसं काहीच नव्हतं. सून सोनाली आतून चहाचा कप घेऊन आली, तो सासूच्या हातात दिला आणि माझ्याकडे बघून नुसते डोळे मोठे केले. "शांतम्मा काकू, तुम्हीच सांगा आता. रोज उठून मी ह्यांचं अंथरूण शोधते."

आमची इमारत सोलापुरात, कुंभारीच्या वाटेला. बाळाबाई इथं आल्या चैत्रात, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. मुलगा बिरुदेव एका शाळेत क्लार्क, सोनाली टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं बघते, नात सृष्टी सातवीत. मोतीबिंदू निघाला, डोळा स्वच्छ झाला, हिरवं फडकं गेलं, काळा चष्मा गेला. पण बाळाबाई गेल्या नाहीत. म्हणजे बिरुदेवनं जाऊ दिलं नाही.

हे लोक सांगोल्याकडचे, मेंढरंवाले. तिकडचं माळरान दिवाळीपर्यंत खाऊन संपतं. मग कळप घेऊन नदीकाठच्या बागायतीकडे निघायचं, ते पुढच्या पावसापर्यंत. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याला लेंड्यांचं खत होतं, तो ह्यांना धान्य देतो. दोन दिवस, तीन दिवस, की घोड्यावर बिऱ्हाड लादलं आणि पुढचं रान. बाळाबाईंचं लग्न झाल्यापासून हेच. एका जागी तिसरी-चौथी रात्र काढायची त्यांना सवयच नव्हती. आणि एखादं मेंढरू कान पाडून बसलं, चरेनासं झालं, तर त्यांचा पहिला उपाय औषध नव्हे. जागा हलवायची. नव्या रानाचा वास आला की ते आपोआप उभं राहतं म्हणे.

तोच उपाय त्या स्वतःवर करत होत्या. आता वन बीएचकेमध्ये रानं तरी किती असणार? हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी, जिना. संपली.

बाळाबाईंना एकच हवं होतं. दिवाळी झाल्यावर कळप निघेल तेव्हा आपण कळपाबरोबर असायचं. त्यांचे मालक धुळा, त्यांना त्या 'म्हातारा' म्हणत, ते गावाकडे दिरांच्या बिऱ्हाडासोबत थांबलेले. दर चार-आठ दिवसांनी फोन यायचा. "म्हातारा इच्चारतोय, यायचं हाय का न्हाय," बाळाबाई मला सांगायच्या आणि उजव्या पायाचा अंगठा फरशीवर घासत राहायच्या. बसल्या जागी त्यांचा पाय कधी थांबलेला मी बघितला नाही.

बिरुदेवचं उत्तर ठरलेलं, "आई, बास झालं आता."

आषाढात त्यांची झोप गेली. भाकरी अर्धी व्हायला लागली. सोनालीला सुट्टी मिळेना, म्हणून त्यांना दवाखान्यात मी घेऊन गेले. डॉक्टरीण तरुण, बोलायला गोड.

"आजी, काय होतंय?"

"करमत न्हाय," बाळाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण हसली. "अहो, मुलाच्या घरी आहात की! नात आहे, सून आहे. करमेल हळूहळू." पेन तिच्या बोटांत नुसतंच फिरत होतं.

"रातीचं पाय चालाय मागत्यात. मी म्हंते झोप, ते म्हंत्यात चल."

"भूक लागते का? दिवसभर डल वाटतं का?"

बाळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "हो, डल वाटतं त्यांना."

आणि पेन चाललं. लिहिलं की लिहिलंच. तपासण्या, गोळ्या, पंधरा दिवसांनी परत या.

रिक्षात बसल्याबरोबर बाळाबाईंनी माझा दंड धरला. "वैनी, त्यो सबुद काय हुता? त्यो ऐकला अन् ती बाई ल्ह्याय लागली. मी चार म्हयनं करमत न्हाय, करमत न्हाय म्हंते, तर समदी म्हंत्यात करमंल. त्या सबदात आसं काय हाय?"

आता काय सांगायचं? म्हटलं, "डल म्हणजे... मलूल."

"मलूल म्हंजी ताप आल्यालं. मला ताप न्हाय."

"सुस्त."

"सुस्त मेंढरू प्वाट भरल्यावर आस्तं."

"मग उदास म्हणा."

"उदास म्हंजी जिचं कोकरू लांडग्यानं नेलं ती. माजी समदी हायती की जागच्या जागी."

सात रस्त्याला सिग्नल लागला होता. बाळाबाई बाहेर बघत, ओठांतल्या ओठांत नवा शब्द घोळवत होत्या. डल. डल.

पुढचं शिक्षण सृष्टीनं दिलं. संध्याकाळी ती अभ्यासाला आमच्या घरी बसते, आजीही मागोमाग यायच्या. सृष्टी वहीत न बघता धडाधडा सांगायची, "आजी, ऐक. वेदर डल असतं, ढग आले की. रंग डल असतो, धुऊन धुऊन गेला की. आणि आमच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसतात ना, ती मुलं डल."

"म्हंजी मी मागल्या बाकावरची?"

"तू तर शाळेतच नाही गेलीस!"

"मग मला कशाला डल म्हन्ली ती डाक्टरीन?"

सृष्टी हसत सुटली. पण आजींनी ते मनावर घेतलं. शब्द हातात आल्यावर तो कुठं कुठं बसतो हे त्या बघायला लागल्या, नवी विळी आणल्यावर बाई जसं दिसेल ते चिरून बघते तसं. सोनालीची आमटी तोंडात घातली आणि म्हणाल्या, "डल हाय." सोनाली बिचारी कारखान्यातून दमून आलेली, तिचं तोंड उतरलं.

"आजी, आमटीला सप्पक म्हणतात," सृष्टी म्हणाली.

"व्हय. सप्पकला वरनं मीट घालता येतंय." त्यांनी मीठ घातलं, खाल्लं. "आता बरी झाली. म्हंजी ही डल नव्हती." मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "डलला वरनं काय घालायचं?"



सोमवारी मी त्यांना सिद्धेश्वरांच्या दर्शनाला घेऊन गेले. मला वाटलं, देवळात मन शांत होईल. माझं होतं. तळ्याच्या पाण्यावरून वारा येतो, घंटा वाजते, डोकं आपोआप खाली जातं. बाळाबाईंनी नमस्कार केला आणि प्रदक्षिणेला लागल्या. मी पाच घालून बसले. त्या थांबेनात. पदर खोचलेला, हात मागे बांधलेले, नजर लांब. शेवटी मीच हाक मारली.

"बाळाबाई, किती घालणार?"

"बरं वाटतंय चालून," त्या म्हणाल्या आणि टेकल्या. दम लागला नव्हता. गाभाऱ्याकडं बघत म्हणाल्या, "वैनी, देव हितं बसून बसून डल हुत आसंल."

मी कानाला हात लावले. "काहीतरीच बोलता! संक्रांतीला नंदीध्वज निघतात, शहरभर फिरतात. बघायला या."

"व्हय? आन् बाकीचं वरीस?"

"बाकीचं वर्ष तो आपल्यासाठी बसतो."

परतताना फुलवालीच्या पाटीजवळ थबकून म्हणाल्या, "तुमचा देव त्येच्या मनानं बसतोय. मला बसिवलंय."

गोळ्या चालू झाल्या तशा बाळाबाई खरंच एका जागी राहायला लागल्या. दुपारी दोन वाजताही डोळे अर्धे मिटलेले. पाय थांबला. सोनाली म्हणाली, "काकू, आता कशा शांत झाल्यात बघा." मला ते बघवेना. घोंगडी हॉलच्या कोपऱ्यात, त्या घोंगडीवर, टीव्हीवरची मालिका चालू, आणि त्यांची नजर टीव्हीच्या वर, भिंतीवर.

एक दिवस त्यांनी गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. मला म्हणाल्या, "आता कळ्ळं मला. डल ह्येला म्हंत्यात, गोळी घेतल्यावर जे हुतंय त्येला. त्याच्या आदी मी डल न्हवते. मी धडधाकट हुते, ह्ये घर डल हाय. सकाळी जी भित्त, ती सांजच्याला. काल जी, ती आज. भित्तीला डल म्हना, मला कशाला?"

त्याच आठवड्यात त्यांचं अंथरूण गच्चीवर गेलं. इमारतीचे सेक्रेटरी त्रिंबकराव सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह सोडायला वर गेले तर टाकीच्या सावलीत घोंगडी, घोंगडीवर बाळाबाई. ते काही वाईट बोलले नाहीत, पण खाली येऊन बिरुदेवला म्हणाले, "अहो, आईला घरात जागा नाही का?"

बिरुदेव असा माणूस की, शर्टाच्या कॉलरला सुरकुती चालत नाही. तो शब्द त्याला चाबकासारखा लागला. त्या दिवशी त्यांच्या घरातला आवाज आमच्या देवघरापर्यंत आला.

"लोक काय म्हणतील? आई जिन्यात झोपती, गच्चीवर झोपती!"

"मग सोड की मला."

"डॉक्टरांनी सांगितलंय तुला विश्रांती."

"डाक्टरनीला सांग, म्हातारीला न्हाय, आमच्या घराला डल झालंय. त्येला द्या गोळी."

सृष्टी फस्सकन हसली. बिरुदेव तिच्यावर ओरडला आणि चप्पल घालून बाहेर गेला.

दोन दिवसांनी तो कामावरून आला तेव्हा मोटारसायकलवर पुढं पोतं होतं आणि पोत्यातून डोकं बाहेर काढलेलं कोकरू. बाजारातून आणलेलं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका. "आईला सोबत," तो मला म्हणाला. तोंड लहान मुलासारखं झालं होतं. "काकू, गच्चीवर बांधतो. त्रिंबककाकांना विचारलंय. नवरात्र होईपर्यंत चालेल म्हणाले."

बाळाबाईंनी कोकरू घेतलं, छातीशी धरलं, त्याच्या कानात फुंकर मारली. त्या रात्री त्या गच्चीवर झोपल्या, दुसऱ्या रात्रीही तिथंच, त्याच जागी. जेवल्या नीट. मला वाटलं, सुटला गुंता. देवाला मी मनातल्या मनात नारळसुद्धा बोलून ठेवला.

घट बसायच्या आदल्या दिवशी घरातली सगळी अंथरुणं धुवायची असतात. मी वाकळा, चादरी पिळून गच्चीवर वाळत घालायला गेले. ऊन चटकत होतं. कोकरू टाकीच्या पाइपाला बांधलेलं, समोर घासाची पेंडी तशीच. कान पडलेले. बाळाबाई शेजारी उकिडव्या बसलेल्या, त्यांनी त्याला हात लावला नव्हता. नुसत्या बघत होत्या.

"कालपासनं न्हाय खाल्लं," त्या म्हणाल्या.

सोनालीनं फोन करून बिरुदेवला बोलावून घेतलं होतं. तो ऑफिसच्या कपड्यांत, जिना चढून धापा टाकत आला. "जनावरांच्या डॉक्टरला सांगू का?" म्हणत तो वाकला, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याचे हात त्याचं ऐकेनासे झाले. त्यानं कोकराच्या पापणीची आतली बाजू उलटून बघितली. कानाचं मूळ चाचपलं. पोटावर थाप मारून ऐकलं. शाळेतला क्लार्क कुठंतरी गेला आणि मेंढरांत वाढलेलं पोरगं तिथं बसलं.

"काही नाही झालेलं," तो म्हणाला. "ताप नाही, फुगलंही नाही. ह्याला खाली रानात न्यायला पाहिजे."

"तिसऱ्या दिसाला कळ्ळं तुला," बाळाबाई म्हणाल्या.

बिरुदेवनं मान वर केली.

"मी चैतापासनं सांगतीया."

"आई, तू मेंढरू हायस का?"

"न्हाय. मेंढरू आस्ते तर कवाच सोडलं आस्तंस."

मी चादरीच्या मागं उभी. खाली जावं की थांबावं कळेना, आणि जिना त्यांच्या पलीकडं.

बिरुदेव उठला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला आधी वाटलं, तो फोनवर बोलतोय. "मला आश्रमशाळेत ठेवून तुम्ही जायचा. दिवाळीनंतर ते थेट पाऊस येईपर्यंत. सगळ्यांच्या आया रविवारी यायच्या. मी फाटकाला बसायचो. तेव्हा मला नाही का वाटलं डल? मी कुणाला सांगायचं? आता घर घेतलं, आईची खोली नाही तर नाही, हॉल तिचा. सकाळी उठलं की आई दिसावी. तर तिला भिंत नको, मी नको."

बाळाबाईंचा पाय, तो नेहमी हलणारा, अगदी स्थिर होता. कोकरानं एकदा बारीक आवाज काढला.

"वाटलं आसंल," त्या शेवटी म्हणाल्या. "लई वाटलं आसंल. मी मेंढरं मोजताना तुला मोजायची रं. एक कमी भरायचं रोज." मग त्यांनी डोळ्याला पदर लावला, ज्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्यालाच, फार जपून. "पर बाबा, मला बांदून त्ये भरून यील का?"

बिरुदेवनं पाइपाची दोरी सोडली. कोकरू काखेत घेतलं आणि जिना उतरून गेला. वरून वाकून बघितलं तर तो इमारतीमागच्या पडीक जागेत कोकराला घेऊन उभा होता. ऑफिसचे बूट चिखलात. कोकरू दोन पावलं चालायचं, हुंगायचं, तो दोन पावलं मागं जायचा. तसं बराच वेळ चाललं.

दिवाळी बाळाबाईंनी सोलापुरात केली. दिवाळीपर्यंत थांब, मग सोडतो, एवढं बिरुदेवनं मागितलं होतं आणि त्यांनी दिलं. चकल्यांना त्या सोऱ्या फिरवायच्या, सृष्टी मोजायची. त्या दिवसांत एकदाही अंथरूण हललं नाही, पण रात्री उशिरापर्यंत बांगड्यांचा आवाज यायचा, कूस बदलल्याचा. पाडव्याला टेम्पो आला. घोंगडी, पिशवी, तांब्या, कोकरू. मी कुंकू लावलं, अंगारा दिला, तो त्यांनी पदराच्या गाठीला बांधला.

"वैनी, येती."

"सांभाळून. डोळ्यात धूळ जाऊ देऊ नका."

"धुळीबिगर कसलं आलंय चालनं!"

बिरुदेव पोचवायला गेला आणि संध्याकाळी परत आला. दारातच भेटला. "काकू, तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही," तो म्हणाला. "उतरली, माझ्या बापावर खेकसली, घोडं लादायला लागली. मी उभाच." किल्ली बोटात फिरवत तो जिन्यात तसाच थांबला, घरात जाईना. नंतरचे कितीतरी दिवस तो असाच होता. जेवणावरून उठायचा, गॅलरीत जायचा, परत यायचा. सोनाली म्हणाली, "आता ह्यांचं सुरू झालं."

परवाच्या रविवारी फोन आला. मी त्यांच्याकडे शेंगाचटणी द्यायला गेले होते. सृष्टीनं स्पीकर लावला. वारा, मेंढरांचा गलका, त्यातून बाळाबाईंचा आवाज, मोठ्ठा, शहरात कधी ऐकला नव्हता असा.

"सृष्टे! परीक्षा झाली का? हितं थंडी लई पडलीया! पाय तर सुजून आल्यात माजं!"

"आजी, मग परत ये की!"

"गप! तुझा बा हाय का तितं?"

बिरुदेव गॅलरीच्या दारात उभा होता. पुढं आला नाही.

"हाय," सृष्टी म्हणाली.

"त्येला इच्चार, डल वाटतंय का."

सोनालीनं गॅस बारीक केला. बिरुदेव आला, फोनवर वाकला. "वाटतंय," तो म्हणाला.

"मग ये की! वेळापूरच्या अलीकडं हाव आमी, कालव्याच्या पुलापाशी. उद्या हितनं हालणार. आज आलास तर गावू, उद्या कुटं आसू ठावं न्हाय... ए! ए! हुर्रर्र! त्यो बग उसात शिरला! धर त्येला, धर...!"

फोन कट झाला.

बिरुदेव आत गेला आणि शर्ट बदलून आला. जुना शर्ट.

"अहो, आता? ऊन बघा," सोनाली म्हणाली. "जेवून तरी जा."

"बांधून दे," तो म्हणाला. "आईसाठी पण."